निळी पाकळी, नारिंगी दाढी: आयरिसच्या रंगाचा हिशेब दोनचा नाही, चारचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निळ्या-जांभळ्या पाकळ्या आणि वर नारिंगी-लाल दाढी (लोंबत्या पाकळीवरची केसाळ पट्टी) असलेला उंच दाढीवाला आयरिस तुम्हाला हवा आहे. त्यासाठी एका जांभळ्या झाडावर तुम्ही गुलाबी झाडाचे पराग लावले. पहिल्या पिढीत ३१ रोपं फुलली: १६ जांभळी, १५ फिकट क्रीम किंवा मळकट पांढरी. नारिंगी दाढी एकालाही नाही. मग त्यातल्या दोन जांभळ्यांचा आपसात संकर केलात, त्याची ४४ रोपं फुलली, पुन्हा एकही नाही. मेंडेलच्या हिशेबाने चारात एक, म्हणजे ११ तरी यायला हवी होती. मग चुकलं कुठे? आणि शेवटी विचारलं आहे, की आयरिसला खरा लाल रंग का येत नाही.

तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही. संकर बरोबर झाला आहे, आणि तुम्हाला हवा असलेला गुण त्या जांभळ्या रोपांमध्ये आत्ताही बसलेला आहे. फक्त तुम्ही गणित मांडलंत ते वाटाण्याचं. वाटाण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि आजच्या उंच दाढीवाल्या आयरिसमध्ये चार. सगळा घोळ या एका आकड्याचा आहे, पण तिथे पोचायच्या आधी रंग म्हणजे काय ते बघावं लागेल. नाहीतर ती १५ क्रीम रोपं कुठून आली याचा उलगडा होणार नाही.

आयरिसच्या फुलात रंग तयार करणारी दोन वेगवेगळी कामं चालू असतात आणि ती एकमेकांवर फारशी अवलंबून नसतात. निळा, जांभळा, किरमिजी हे रंग अँथोसायनिनचे. ते पाण्यात विरघळतं आणि पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे रसात, भरलेलं असतं. पिवळा, नारिंगी, गुलाबी हे कॅरोटिनॉइडचे. ते पाण्यात विरघळत नाही, पेशीतल्या बारीक लवकांमध्ये कणाकणांनी बसतं. आयरिसचा गुलाबी हा गुलाबाचा गुलाबी नव्हे. तो लायकोपीनचा आहे, टोमॅटोला लाल करणारं तेच द्रव्य, फक्त कमी प्रमाणात.

वाचून हे पटत नाही, म्हणून नवीन माणसाला मी एक तपकिरी-लाल फूल हातात देते. तुम्हीही करून बघा. उतरणीला लागलेल्या फुलाची एक पाकळी घ्या, बोटांनी चुरा, कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी जांभळं होतं. त्यात थोडं व्हिनेगर घातलं की ते लालसर होतं, कारण अँथोसायनिन आंबटपणाला तसंच वागतं. आता पाकळीचा चोथा पिळून पांढऱ्या कागदावर पसरा. तो पिवळा असतो. म्हणजे जिला आपण तपकिरी म्हणत होतो, ती पाकळी जांभळी अधिक पिवळी होती. तपकिरी नावाचं द्रव्य त्या फुलात नाहीच. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की कुठलंही आयरिसचं फूल बघताना मन आपोआप दोन थर वेगळे करायला लागतं: खाली काय आहे, वर काय आहे. संकर ठरवताना याच्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही.

आता तुमच्या गुलाबी झाडाकडे येऊ. त्याला गुलाबी दिसायचं तर दोन गोष्टी जमून याव्या लागतात. एक, खालच्या थरात लायकोपीन साठलं पाहिजे. वनस्पतीत लायकोपीनपासून पुढे बीटा-कॅरोटीन बनत असतं. या झाडांत ते पुढचं पाऊल अडतं आणि लायकोपीन साचून राहतं. हे घडवणाऱ्या अप्रभावी जनुकाला, म्हणजे नेहमीची एकही प्रत सोबत असली की दबून राहणाऱ्या जनुकाला, ‘टँजरिन’ म्हणतात, आणि दाढी नारिंगी-लाल होते ती त्याच्यामुळेच. दोन, वरच्या थरातलं जांभळं गेलं पाहिजे, नाहीतर गुलाबी झाकला जाईल. हे जांभळं घालवायचे आयरिसमध्ये निरनिराळे मार्ग आहेत. त्यातला नेहमी भेटणारा म्हणजे एक प्रभावी रोधक जनुक. तो फुलातलं अँथोसायनिन दाबतो आणि कॅरोटिनॉइडला हात लावत नाही.

तुमच्या पहिल्या पिढीतली क्रीम रोपं या रोधकाची आहेत. १६ नि १५ म्हणजे निम्मी-निम्मी. यावरून कळतं की तुमच्या गुलाबी झाडात रोधकाची एकच प्रत आहे, बाकीच्या तीन जागा रिकाम्या. दोन प्रती असत्या तर सहातली पाच रोपं क्रीम निघाली असती, तीन किंवा चार असत्या तर सगळीच. गुलाबी फुलावर किंचित जांभळट झाक आहे असं तुम्ही लिहिलंत, तेही याच्याशी जुळतं. हा रोधक प्रतींच्या संख्येप्रमाणे कमीजास्त जोर दाखवतो आणि एका प्रतीत थोडं जांभळं झिरपून जातं.

आता चारचा हिशेब. खिशात चार बटणं टाका, दोन काळी, दोन पांढरी. काळं म्हणजे नेहमीची प्रत, पांढरं म्हणजे टँजरिनची. परागकण किंवा बीजांड बनताना झाड चारातल्या दोन प्रती उचलतं. न बघता दोन बटणं काढायचे एकूण सहा प्रकार होतात: एकदा दोन्ही काळी, चार वेळा एक काळं एक पांढरं, एकदा दोन्ही पांढरी. म्हणजे दोन्ही पांढरी मिळायची शक्यता सहात एक. रोपाची दाढी नारिंगी व्हायची तर चारही बटणं पांढरी हवीत, म्हणजे आईकडून दोन पांढरी आणि बापाकडूनही दोन. सहात एक गुणिले सहात एक, छत्तिसात एक.

तुमच्या जांभळ्या पालकाच्या चारही प्रती काळ्या होत्या असं धरून चालू. गुलाबी पालकाच्या चारही पांढऱ्या. तो प्रत्येक पिल्लाला दोन पांढऱ्या देणारच, दुसरं द्यायला त्याच्याकडे नाहीच. म्हणून पहिल्या पिढीतल्या प्रत्येक रोपात दोन काळ्या, दोन पांढऱ्या. ३१ ऐवजी ३१० रोपं लावली असती तरी नारिंगी दाढी दिसली नसती. आणि त्यातल्या दोघांच्या संकरातून चारात एक नव्हे, छत्तिसात एक येणार. ४४ रोपांत एकही न येण्याची शक्यता जवळपास २९ टक्के निघते. अगदी साधी गोष्ट आहे, दहा जणांनी हाच संकर केला तर तिघे रिकाम्या हाती राहतील. एक तरी मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर वाटाण्यात ११ रोपं पुरतात. इथे १०७ लागतात.

खरं तर छत्तिसात एक हा अगदी कडेचा आकडा आहे. गुणसूत्रांच्या तुकड्यांची देवाणघेवाण होताना कधीकधी एकाच प्रतीच्या दोन नकला एकाच परागकणात जातात. जनुक गुणसूत्राच्या मध्यबिंदूपासून लांब असेल तर प्रमाण बाविसात एकपर्यंत सुधारू शकतं. पण वाफ्यांची आखणी छत्तीस धरूनच करावी.

हे चार आले कुठून, तेही सांगते, कारण जुनी माहिती वाचताना त्यावरून फार गोंधळ होतो. एकोणिसाव्या शतकातले बागेतले दाढीवाले आयरिस बहुतेक पॅलिडा आणि व्हेरिगाटा या दोन जातींपासून आलेले होते, २४ गुणसूत्रांचे, म्हणजे साधे दोन प्रतींचे. त्या शतकाच्या उत्तरार्धात केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सर मायकेल फॉस्टर यांनी पूर्व भूमध्य भागातून मोठ्या फुलांचे आयरिस मागवले. ते ४८ गुणसूत्रांचे, म्हणजे चार प्रतींचे, निघाले, अर्थात त्या काळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या संकरांतून आजचे भरदार आयरिस उभे राहिले. आर्थर ब्लिस यांचा १९१७ चा ‘डोमिनियन’ त्यातला गाजलेला. फुलं मोठी झाली, पाकळ्या जाड झाल्या, आणि अप्रभावी गुण मात्र खोल गेले. त्यामुळे जुन्या लेखात एखादं प्रमाण ‘तीनास एक’ दिलेलं दिसलं तर आधी झाडं २४ ची होती की ४८ ची ते पाहा. गुलाबीला लागलेला वेळही याच गणिताचा. अमेरिकेत डेव्हिड हॉल यांनी वर्षानुवर्षं एकाच दिशेने निवड केली, तेव्हा १९४० च्या दशकात स्वच्छ गुलाबी आयरिस हाती आले. त्यांच्या ‘शेरी’ला (Cherie) १९५१ मध्ये डाइक्स पदक, म्हणजे आयरिससाठीचा सर्वोच्च मान, मिळालं.

आता पुढे काय करायचं. दोन भावंडांचा संकर पुन्हा करू नका. पहिल्या पिढीचं जांभळं रोप घ्या आणि त्यावर गुलाबी पालकाचेच पराग लावा. गुलाबीकडून दोन पांढऱ्या प्रती हमखास येतात, जांभळ्याकडून सहात एकदा, म्हणजे नारिंगी दाढी आता सहात एक. त्यातल्या निम्म्यांत रोधक येईल आणि ती गुलाबी किंवा फिकट होतील. उरलेली निम्मी जांभळी राहून नारिंगी दाढीची. म्हणजे तुम्हाला हवं ते बारात एक. ३५ रोपं लावलीत की ९५ टक्के खात्री. तुमच्या याच झाडांतून, याच जागेत, १०७ वरून ३५ वर आलो. आणि गुलाबी पालकाऐवजी रोधक नसलेलं, फिक्या जांभळ्या पाकळ्यांचं नारिंगी दाढीवालं एखादं झाड मिळवू शकलात तर प्रमाण थेट सहात एक होतं, १७ रोपं पुरतात. मी तुमच्या जागी असते तर असं झाड शोधण्यात एक बहर घालवला असता.

क्रीम रोपं मात्र या कामाला वापरू नका. ज्यांना गुलाबी हवा त्यांच्यासाठी ती चांगली: क्रीम रोप आणि गुलाबी पालक यांच्या संकरातून आठात एक गुलाबी मिळतो. तुम्हाला निळा हवा आहे, तुम्हाला रोधक नको.

आता जे सांगते ते आधीच माहीत असलेलं बरं. बारातलं ते एक रोप फुलेल तेव्हा कदाचित तुम्हाला आवडणार नाही. दाढी नारिंगी असेल, पण पाकळीत जांभळ्याखाली लायकोपीनही असेल, आणि दोन्ही मिळून द्राक्षाच्या गराला माती लागल्यासारखा रंग होईल. ते रोप उपटू नका. मी पहिल्या काही वर्षांत अशी रोपं काढून टाकली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिथवर पोचायला सहा वर्षं गेली होती. चारही प्रती पांढऱ्या झालेल्या दोन झाडांचा संकर केला की प्रत्येक पिल्लू टँजरिनचंच येतं, एकही अपवाद नाही. छत्तीस, बारा, सहा हे सगळे आकडे त्या दिवशी संपतात. पाकळीत किती कॅरोटिनॉइड साठावं आणि दाढीत किती, हे दुसरी लहानमोठी जनुकं ठरवतात. म्हणूनच नारिंगी दाढीचे शुभ्र पांढरे आयरिसही असतात. तिथून पुढे काम फक्त निवडीचं: पाकळी जितकी स्वच्छ, दाढी जितकी गडद, ती जोडी पुढे न्यायची.

दिसायला साधं असलेलं रोप किती मोलाचं असतं याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. इंडियानात पॉल कुक यांनी ‘शायनिंग वॉटर्स’ हा निळा आयरिस आणि बाल्कन भागातली रायखेनबाखी ही बुटकी रानजात यांचा संकर केला. त्यातून आलेलं ‘प्रोजेनिटर’, १९५१ चं, प्रदर्शनात ठेवावं असं फूल नव्हतं. पण त्याच्या उभ्या पाकळ्यांतला रंग फिका पडला होता आणि लोंबत्या पाकळ्यांतला टिकला होता, आणि हा गुण प्रभावी होता. त्याआधी पांढऱ्या उभ्या आणि जांभळ्या लोंबत्या पाकळ्यांची फुलं, ज्यांना अमीना (amoena) म्हणतात, अप्रभावी मार्गानेच मिळायची. ‘वॅबॅश’सारखी सुंदर झाडं होती, पण वंश पुढे न्यायला अवघड. ‘प्रोजेनिटर’नंतर चित्र पालटलं. कुक यांचाच ‘होल क्लॉथ’ १९५८ मध्ये आला, पांढऱ्यावर निळा, आणि १९६२ मध्ये त्याला डाइक्स पदक मिळालं. आज बागेतले कितीतरी दुरंगी आयरिस वंशावळीत मागे मागे नेले की ‘प्रोजेनिटर’शी जाऊन थांबतात.

प्लिकाटाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलं आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीला कडेने जांभळ्या टाक्यांची किनार, तो प्लिकाटा. हाही अप्रभावी, आणि त्याच जनुकाची आणखी रूपं आहेत. सगळ्यांत दबलेलं रूप ग्लॅसियाटा, ज्यात फुलात अँथोसायनिनचा मागमूस राहत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: दोन पांढरी फुलं दिसायला सारखी असून आतून अगदी वेगळी असू शकतात. रोधकाच्या तीन-चार प्रती असलेलं पांढरं जांभळ्याशी लावलं तर पिल्लं पांढरी किंवा फिकट निळी येतात. ग्लॅसियाटा पांढरं त्याच जांभळ्याशी लावलं तर सगळी जांभळी. नुसत्या फोटोवरून ओळखायला जाऊ नका, एक बोंड धरा आणि पिल्लांना विचारा. निळ्याला नारिंगी दाढी द्यायच्या कामात मात्र प्लिकाटा आणू नका. टँजरिन आणि प्लिकाटा दोन्ही एकदम मागितलेत की छत्तीस गुणिले छत्तीस होतात, १२९६ रोपांत एक.

संकर करताना मी काय काय बघते तेही लिहिते. उद्या उमलेल अशी कळी आज संध्याकाळी उघडायची. लोंबत्या पाकळ्या खुडून टाकायच्या म्हणजे मधमाशीला उतरायला पायरी राहत नाही. तिन्ही परागकोश चिमट्याने काढायचे. कुक्षी, म्हणजे पराग जिथे लावायचे तो भाग, शोधताना सगळे गोंधळतात: मधल्या पाकळीसारख्या दिसणाऱ्या तीन भुजांच्या टोकाशी, खालच्या बाजूला एक पातळ ओठ असतो, नखाच्या कडेएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो किंचित सुटा आणि ओलसर झाला की पराग त्याच्यावर घासायचे, भुजेच्या वरच्या बाजूला नव्हे. चिठ्ठीवर बोंडाच्या झाडाचं नाव आधी, परागाचं नंतर, आणि तारीख. पेन्सिलने लिहा, शाई धुऊन जाते. बोंड पिकायला सुमारे दोन महिने लागतात. ते टोकाशी तडकायला लागलं की लगेच काढा, नाहीतर बिया जमिनीवर आणि वर्ष वाया.

वहीत फुलाचं नुसतं नाव लिहू नका. उभ्या पाकळ्या, लोंबत्या पाकळ्या आणि दाढी यांच्या खालचा थर आणि वरचा थर वेगवेगळे नोंदवा. आणि जी रोपं टाकून दिलीत त्यांचीही मोजणी ठेवा. १६ नि १५ हा आकडा तुम्ही लिहून ठेवला नसता तर तुमच्या गुलाबीत रोधकाची एकच प्रत आहे हे मला सांगता आलं नसतं.

खऱ्या लाल रंगाचं उत्तर छोटं आहे. अनेक फुलांत लालबुंद रंग पेलार्गोनिडिन या अँथोसायनिनचा असतो. दाढीवाल्या आयरिसचं अँथोसायनिन डेल्फिनिडिनच्या वळणाचं आहे, निळ्या-जांभळ्याकडे झुकणारं, आणि पेलार्गोनिडिनकडे जाणारी वाट या झाडांत चालत नाही. तुम्ही लाल म्हणून पाहिलेले आयरिस म्हणजे नारिंगी किंवा पिवळ्या थरावर किरमिजी थर, कपातल्या त्या तपकिरी पाकळीसारखे. नुसत्या संकराने त्याच्या पुढे जायचं तर खालचा थर लायकोपीनने गच्च भरत नेणं आणि वरचं जांभळं पूर्ण काढून टाकणं एवढाच रस्ता आहे. तो लालाच्या जवळ नेतो, पण वीटकरी बाजूने.

राहिली तुमची दुसऱ्या पिढीतली ४४ रोपं. ती वाया गेली असं समजू नका. गणिताने त्यातल्या सुमारे दहा रोपांत प्रत्येकी तीन पांढऱ्या प्रती आहेत, निम्म्यांत दोन, आणि उरलेल्यांत एक किंवा एकही नाही. बाहेरून ती सारखीच दिसतील. जोमदार देठाची, फांद्या चांगल्या फुटलेली सहा निवडा आणि येत्या बहरात प्रत्येकीवर गुलाबीचे पराग लावून एकेक बोंड धरा. ज्या बोंडातून निम्म्या रोपांची दाढी नारिंगी येईल ते झाड तीन प्रतींचं, ज्यातून सहात एक येईल ते दोनचं, आणि ज्यातून एकही येणार नाही त्याची जागा दुसऱ्या रोपाला द्या. प्रत्येक बोंडाची वीसेक रोपं तरी वाढवा, त्याहून कमीत दोनचं आणि एकचं झाड यांतला फरक नीट कळत नाही.